जनीची न्हाणी आणि माडाचे विनागर

केस धुऊन झाले की शेवटच्या तांब्यात चमचा-दोन चमचे नारळाचे व्हिनेगर घालावे आणि ते पाणी डोक्यावरून सोडावे; केस मऊ होतात, चकाकतात. हा उपाय आज शहरांत सांगितला जातो, तालुक्याच्या गावांतही सांगितला जातो, आणि सांगताना त्याला 'पूर्वापार' हे विशेषण हमखास जोडले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने हे विशेषण तपासून पाहण्याजोगे आहे. नारळाचे व्हिनेगर खरोखरच जुने आहे. आंबट पदार्थ डोक्याला लावणेही जुने आहे. या दोहोंची गाठ मात्र पूर्वापार म्हणावी इतकी जुनी दिसत नाही. ती बांधली साबणाने.

ही गाठ सोडवायची तर सुरुवात कोकणकिनाऱ्यावरून नव्हे, समुद्रापासून फार दूर असलेल्या गंगाखेडहून करावी लागते. परभणी जिल्ह्यातील हे गोदावरीकाठचे गाव. काठावरची माणसे गोदावरीला 'गंगा' म्हणतात. गावाच्या नावातली गंगा ती हीच. हा मुलूख ज्वारीचा, कापसाचा, तुरीचा. नारळ इथे येतो तो देवापुढे फोडण्यासाठी, बाहेरून. तरीही केस धुण्याचा मराठी इतिहास सांगताना गंगाखेडला वगळता येत नाही, कारण एका सामान्य बाईचे डोके कसे धुतले गेले याची मराठीतील अत्यंत जुनी आणि तपशीलवार चित्रे या गावात जन्मलेल्या स्त्रीच्या नावावर आहेत.

ती स्त्री म्हणजे संत जनाबाई. तेराव्या शतकात, शूद्र गणल्या गेलेल्या कुटुंबात, दमा आणि करुंड या दांपत्याच्या पोटी तिचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली. नामदेव हे या दामाशेटींचे पुत्र. त्या घरात ती वाढली, राबली, आणि अखेरपर्यंत स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवीत राहिली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. दळण, कांडण, झाडलोट, शेण, पाणी, धुणे ही घरकामाची सारी यादी त्या अभंगांत येते, आणि प्रत्येक कामात विठ्ठल तिचा सोबती असतो.

यातले काही अभंग थेट केसांविषयी आहेत. एकात जनी न्हायला बसते आणि विसणाला पाणी नाही असे तिच्या ध्यानात येते. दुसऱ्यात तिचे डोके उवांनी त्रासून गेले आहे. विठ्ठल धावत येतो, तिचा बुचडा सोडतो, उवा मारतो, केस विंचरतो. तिसऱ्यात ती तुळशीच्या बनात वेणी उकलीत बसली आहे. देव हातात लोणी घेऊन तिचे डोके चोळतो आणि स्वतः पाणी घालतो. तो हे का करतो, याचे कारणही अभंगातच दिले आहे: तिला दुसरे कोणी नाही.

'विसण' हा शब्द आज शहरी मराठीतून जवळजवळ गेला आहे. कढत पाणी अंगाला सोसवेल असे करण्यासाठी त्यात जे थंड पाणी मिसळतात, ते विसण. चुलीवर पाणी तापले आहे, पण विसण आणायला नदीवर किंवा विहिरीवर जायचे कोणी, हा जनीपुढचा प्रश्न आहे. डोके पूर्ण भिजलेली, केस मोकळे सोडलेली बाई मधेच उठून घागर घेऊन जाऊ शकत नाही. म्हणून न्हाण्याला दुसरे माणूस लागते.

आजच्या वाचकाला हे सहज उमगणार नाही, कारण नळ आणि मग यांनी डोके धुणे हे एकट्याचे काम करून टाकले. शिकेकाईच्या काळात ते तसे नव्हते. शेंगा फोडून, बिया काढून, सालपटे कुटून रात्रभर भिजत घालायची, सकाळी उकळायची, गाळायची. पूड थेट लावली तर तिचा चोथा केसांत अडकतो आणि तो निघेपर्यंत तांब्यामागून तांब्या ओतावा लागतो. लांब केसांच्या बाईला हे एकटीने करणे जवळजवळ अशक्य. म्हणजे एका न्हाण्याला सरपण हवे, घागरीभर-दोन घागरी पाणी हवे, अर्धा दिवस हवा आणि आई, बहीण, जाऊ, निदान शेजारीण तरी हवी. सणाच्या आदल्या दिवशी मुलींना न्हाऊ घालण्यात जी माया आहे, तिच्या मुळाशी ही व्यवहाराची गरजही आहे. जनीकडे यातले काहीच नव्हते. ज्या घरात ती राबत होती, त्या घरातील इतरांच्या न्हाण्याचे पाणी मात्र तीच भरत असणार.

प्राचीन भारतातील शृंगाराची जी चित्रे आपल्या डोळ्यांपुढे असतात, ती याच्या अगदी उलट टोकाची आहेत. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या जवळच्या नात्यातल्या मूर्ती महाराष्ट्रात तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत, त्यामुळे पॉम्पेईची मूर्तीही दख्खनमधून गेली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. त्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना दोन लहानशा दासी उभ्या आहेत, प्रसाधनाची भांडी घेऊन. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आरसा हाती घेतलेल्या राजस्त्रीभोवतीही दासी आहेत. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या स्नानाला 'स्नानभोग' असे नाव देऊन सुगंधी तेलांचे आणि मर्दनाचे सविस्तर वर्णन केले आहे. या सर्व चित्रांत भांडे धरणारे हात दासदासींचे आहेत. त्या दासीच्या स्वतःच्या डोक्यात उवा होत्या का, तिला कधी कोणी न्हाऊ घातले का, हे शिल्पकाराने कोरले नाही आणि राजानेही लिहिले नाही. जनाबाईच्या अभंगांत ती दासी प्रथमच स्वतःच्या डोक्याविषयी बोलते. आणि तिच्यासाठी भांडे धरायला देवाला यावे लागते.

उवांचा विषय आजच्या इतिहासलेखनात हलका मानला जातो. तो तसा नाही. इस्राएलमधील लाखीश येथे सापडलेल्या एका हस्तिदंती फणीवर कनानी लिपीत कोरलेली ओळ संशोधकांनी २०२२ साली वाचून प्रसिद्ध केली. इ.स.पू. १७०० च्या सुमाराची ही फणी. वर्णमालेत लिहिलेले पूर्ण वाक्य म्हणून आजवर हाती आलेल्या सर्वांत जुन्या लेखांत तिची गणना होते, आणि त्या वाक्याचा विषय आहे केसांतील व दाढीतील उवा निघून जाव्यात ही इच्छा. मानवाने अक्षरे शिकून जे सुरुवातीला लिहून ठेवले, त्यात हे आहे. गंगाखेडच्या जनीची तक्रार त्याहून तीन हजार वर्षांनी उशिराची, पण अगदी तीच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जनाबाईचे अभंग शतकानुशतके तोंडी फिरले, कीर्तनांत गायले गेले, नंतर वह्यांत उतरले, मग छापले गेले. तिच्या नावावरचा प्रत्येक अभंग तिचाच, असे कोणीही जबाबदार अभ्यासक म्हणणार नाही. शिवाय अभंगातले लोणी हे काही निव्वळ केसांचे औषध नव्हे. विठ्ठल म्हणजे कृष्ण, आणि कृष्णाच्या हातात लोणी शोभतेच. गोकुळात जे चोरून खाल्ले, तेच तो इथे दासीच्या डोक्याला लावतो, असा गोड अर्थ त्यात आहे. तेव्हा या अभंगाला कृती समजून वाचणे चूक. पण ऐकणाऱ्या बायकांना त्यात विचित्र काही वाटले नाही, एवढे मात्र निश्चित. डोक्याला लोणी चोळणे हा त्यांच्या परिचयातला प्रकार असल्याखेरीज हे चित्र मनात ठसले नसते.

आणि हे लोणी आंबट असते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. घरचे लोणी ताज्या सायीचे नसते. दुधाला विरजण लावायचे, दही घुसळायचे आणि वर आलेला गोळा काढायचा. विरजणातील जंतू दुधातल्या साखरेचे आम्ल बनवतात; ते आम्ल ताकात उतरते, थोडे लोण्यालाही चिकटून राहते. गोदावरीकाठच्या कोरड्या मुलखाला जी आंबट चव ठाऊक आहे, ती ताकाची, चिंचेची, आवळ्याची, अंबाडीची आणि ज्वारीच्या आंबिलीची. आंबट ताकाने डोके धुण्याचा घरगुती प्रघात महाराष्ट्रात आजही आढळतो. आयुर्वेदात तर आंबवलेल्या द्रवांचे एक वेगळे कुळच आहे: कांजी, शुक्त, धान्याम्ल. कपाळावर औषधी ताकाची संथ धार धरण्याच्या उपचाराला तक्रधारा म्हणतात. 'व्हिनेगर' हा शब्द या देशात येण्याच्या कितीतरी आधी आंबवणाची ही विद्या इथे होती. फारसीतून आलेला 'सिरका' किंवा 'शिरका' हा शब्दही मधल्या काळातला.

खुद्द शिकेकाईची गंमत तर याहून पुढची. तिच्या शेंगेत फेस आणणारे घटक असतात, पण तिचा काढा साबणासारखा क्षारयुक्त नसतो. तो किंचित आम्लधर्मी असतो. या वेलीची कोवळी पाने इतकी आंबट की थायलंड आणि म्यानमारमध्ये ती रश्शात घालतात. म्यानमारमधील स्त्रिया याच शेंगांच्या काढ्याने परंपरेने केस धूत आल्या आहेत. म्हणजे मळ काढणे आणि केसांना आंबट देणे ही दोन्ही कामे शिकेकाई एकाच वेळी करते. रिठ्याचे आणि आवळकाठीचे मिश्रणही असेच. ज्या बाईने शिकेकाईने केस धुतले, तिला नंतर वेगळे आंबट पाणी ओतण्याची गरज नव्हती. व्हिनेगरचा शेवटचा तांब्या हा ज्या दुखण्यावरचा उपाय आहे, ते दुखणेच अजून जन्मले नव्हते.

आता किनाऱ्याकडे वळता येईल, आणि त्यासाठी परभणी जिल्हा सोडण्यापूर्वी एक पाऊल पाथरीत ठेवावे लागेल. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ घराणे पाथरीचे. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, संस्थापकाचा पिता मलिक हसन हा मुळात पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्णी घराण्यातला होता. पूर्वजांचे हे गाव आपल्या ताब्यात असावे म्हणून निजामशाहीने वऱ्हाडच्या इमादशाहीशी युद्धेही केली. या घराण्यातील दुसरा सुलतान पहिला बुऱ्हाण निजामशाह. त्याच्या दरबारी एका पोर्तुगीज वैद्याचे येणे-जाणे होते. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथात हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींची माहिती दोन व्यक्तींच्या संवादाच्या रूपात दिली आहे. त्यात माडाचे प्रकरण आहे. माडाच्या कोवळ्या पोग्याला छेद देऊन निघणारी 'सूर', तिच्यापासून गाळलेली दारू, उन्हात ठेवून तिचे होणारे व्हिनेगर, गूळ, खोबरे, तेल, काथ्या असे सारे तो नोंदवतो. म्हणजे माडाचे व्हिनेगर सोळाव्या शतकात गोव्यात सर्रास होत होते, याला छापील पुरावा आहे. ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत होता असे ठरवून इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. निजामशहाचा हा मित्र, आणि माडाच्या व्हिनेगरचा हा साक्षीदार, मेल्यावरही सुटला नाही.

सूर काढणारा रेंदेर दिवसातून ठरलेल्या वेळी माडावर चढतो, पोग्याला नव्याने कात घेतो आणि साठलेली सूर उतरवतो. ताजी सूर गोड असते. काही तासांत ती फसफसते, तिच्यातील साखरेचे मद्य होते. मग हवा लागू दिली की दुसऱ्या जातीचे जंतू त्या मद्याचे आम्ल करतात आणि काही आठवड्यांत व्हिनेगर तयार होते. कोंकणीत त्याला विनागर म्हणतात. पोर्तुगीज शब्दाचेच हे देशी रूप. बाजारात नारळाच्या पाण्यापासून केलेले व्हिनेगरही मिळते, पण गोव्याचे जुने विनागर ते हे सुरेचे. विंदालू आणि सोर्पोतेल यांची आंबट धार त्याचीच. पोर्तुगालहून द्राक्षाच्या दारूचे व्हिनेगर येईपर्यंत थांबण्यापेक्षा दारातल्या माडाचे वापरणे सोपे होते, एवढा साधा त्याचा इतिहास.

हे विनागर केसांना लावीत का? माडाचा केसांशी संबंध फार जुना आहे, पण तो तेलाच्या आणि खोबऱ्याच्या रसाच्या वाटेने. याचा एक विलक्षण पुरावा बंदीच्या हुकमातून मिळतो. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये एक जाहीरनामा काढून स्थानिक चालीरीतींची लांबलचक यादी निषिद्ध ठरवली. अ. का. प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ च्या ग्रंथात तो दिला आहे. वधूवरांना हळद, दूध, खोबरेल, तांदळाचे पीठ यांचे लेपन करू नये, हाही त्यात एक निर्बंध. बंदी घालणाऱ्याला जी गोष्ट डाचते, ती समाजात किती रुजलेली असते हे यावरून कळते. आणि ती रुजलेलीच राहिली: गोमंतकीय ख्रिस्ती घरांत लग्नाआधी वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा 'रोस' आजही होतो. या साऱ्यात तेल आहे, रस आहे. विनागर स्वयंपाकघरातच आहे.

ते घाटावर, मराठवाड्यात यावे असे कारणही नव्हते. तिकडे माडाची जागा शिंदीने घेतली होती. शिंदीचा रसही तसाच काढला जाई, तसाच आंबे. पण मुंबई इलाख्यात असो वा निजामाच्या राज्यात, ताडामाडाच्या रसावर सरकारची नजर होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर कोकणातील भंडाऱ्यांना माडी काढण्यावरचा वाढीव कर सोसवेना. निजामी राज्यात, ज्यात गंगाखेड १९४८ पर्यंत होते, अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. ज्या रसाच्या थेंबाथेंबावर कर, तो कोणी डोक्यावर ओतील अशी कल्पना करणे कठीण.

मग गाठ पडली केव्हा? त्यासाठी साबणाकडे पाहावे लागते. १७९१ मध्ये निकोला लब्लां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मिठापासून सोडा बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि साबणाला लागणारा क्षार स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. १८५३ मध्ये ब्रिटनने साबणावरचा कर रद्द केला. हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेरठ येथे साबणाचा कारखाना निघाला. १९१८ च्या सुमारास मुंबईत गोदरेजने जनावरांची चरबी न वापरता, वनस्पती तेलाचा साबण आणला. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांत शिरायला साबणाला जी अडचण होती, ती यामुळे दूर झाली. याच सुमारास मनमाड–हैदराबाद रेल्वे परभणीवरून धावू लागलेली होती. बाजारी वस्तूंना गोदाकाठच्या आतल्या गावांची वाट सापडली ती अशी.

साबण सोपा होता. भिजत घालणे नको, कुटणे नको, गाळणे नको, आणि दुसऱ्या माणसाची गरजही कमी. पण त्याने केसांशी दोन खोड्या केल्या. पहिली त्याच्या क्षारपणाची. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. क्षाराने ते उचलले जातात, केस खरखरीत होतात आणि एकमेकांत अडकतात. दुसरी खोडी पाण्याशी संगनमताने. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेले विहिरींचे आणि बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, त्यात डाळ लवकर शिजत नाही. अशा पाण्यातील चुन्याशी साबणाचा संयोग झाला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जमणारी पांढुरकी साय ती हीच. ती केसांवरही बसते, आणि साध्या पाण्याने कितीही धुतली तरी निघत नाही.

इथे आंबट उपयोगी पडते. आम्लाने हा साका फुटतो, राहिलेला क्षार मारला जातो आणि खवले पुन्हा चपट बसतात. खवले चपट बसले की प्रकाश सरळ परावर्तित होतो, आणि त्यालाच आपण चमक म्हणतो. म्हणून साबणाने केस धुणाऱ्या युरोप-अमेरिकेतील स्त्रियांना व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या पाण्याचा शेवटचा हात देण्याचा सल्ला मिळू लागला. इकडेही साबण आला आणि लिंबाची फोड किंवा ताकाचा भांडेभर शेवट त्याला जोडला गेला. उपाय जुन्या आंबटाचा, पण दुखणे नव्या साबणाचे. 'पूर्वापार' या शब्दामागची खरी कथा एवढीच आहे.

तिलाही पुढे एक वळण लागले. १९३३ मध्ये जर्मनीत श्वार्झकॉफ कंपनीने क्षारविरहित शॅम्पू बाजारात आणला. असे शॅम्पू जड पाण्यातही साका करीत नाहीत. 'शॅम्पू' हा शब्द मुळात आपल्याकडचा, 'चांपणे' या अर्थाच्या हिंदुस्थानी शब्दावरून गेलेला; पाटण्याच्या शेख दीन महंमदाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे 'शॅम्पूइंग'चे स्नानगृह चालवले, तेव्हा त्याचा अर्थ अंगमर्दन असाच होता. शब्द तेल घेऊन गेला आणि फेस घेऊन परत आला. १९८० च्या दशकात तमिळनाडूतून निघालेल्या स्वस्त पुड्यांनी तो खेड्यातल्या किराणा दुकानाच्या दोरीवर लटकवला. शिकेकाई कुटणाऱ्या हातांची गरज त्या पुडीने संपवली. बऱ्याच बायकांना त्याचे दुःख झाले नसावे, आणि ते होण्याचे कारणही नाही; जुन्या न्हाणीचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या न्हाणीचे पाणी कोण भरत होते हे आधी विचारावे.

मग क्षाराचा त्रास उरलाच नाही, तर व्हिनेगर परत कसे आले? ते आले सफरचंदाचा हात धरून. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यातल्या डी. सी. जार्विस या डॉक्टराचे लोकवैद्यकावरील पुस्तक १९५८ मध्ये निघाले आणि सफरचंदाच्या व्हिनेगरला सर्वरोगहारक अशी कीर्ती मिळाली. ती लाट जगभर फिरली. सफरचंद ज्यांच्या दारात नाही, त्यांनी दारातला नारळ पुढे केला. गोव्याचे, केरळचे, फिलिपिन्सचे विनागर असे डोक्यावर चढले. रसायनाच्या दृष्टीने दोहोंत काम करणारे आम्ल एकच, ॲसिटिक. भारतीय खाद्यनियमांनुसार आंबवून केलेल्या व्हिनेगरमध्ये ते किमान ३.७५ टक्के असावे लागते. एवढे तीव्र आम्ल तसेच ओतले तर टाळू भाजते, डोळ्यांत गेले तर इजा होते. जो कोणी ते वापरील त्याने तांब्याभर पाण्यात चमचा-दोन चमचेच घ्यावे, खाजवून जखम झालेल्या टाळूवर घेऊच नये. साबणाने केस धुणाऱ्याला आणि जड पाण्याच्या गावात राहणाऱ्याला फरक जाणवेल; चांगला शॅम्पू वापरणाऱ्याला फारसा जाणवण्याचे कारण नाही. उवांवर तर त्याची भिस्त मुळीच ठेवू नये. लिखा केसाला ज्या चिकटद्रव्याने जखडलेल्या असतात ते व्हिनेगरने सुटते हा समज जुना आहे, पण खरे काम करते ती बारीक दातांची फणी, आणि ती फणी धरून तासभर बसणारे माणूस. लाखीशची फणी ज्याची होती त्याला हे ठाऊक असणार. जनीला तर ठाऊक होतेच. म्हणूनच तिच्या अभंगात देव काही औषध देत नाही, तो बुचडा सोडून बसतो.

गंगाखेडला गोदावरीच्या काठी जनाबाईचे मंदिर आहे. आषाढीसाठी इथून तिची पालखी पंढरपुरास जाते, ज्या वाटेने ती मूल असताना गेली असेल साधारण त्याच दिशेने. पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे तिचा संसार म्हणून काही वस्तू दाखवतात. त्यात एक जाते आहे. वारीला आलेल्या बायका त्याच्या खुंट्याला हात लावतात आणि दोन फेरे ओढून पाहतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या लाखभर जात्यावरच्या ओव्यांत जनीच्या आणि विठ्ठलाच्या ओव्या मुबलक आहेत. त्या गाणाऱ्या बहुतेक स्वतः दळणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या.